ज्याचं परमिट, त्याचाच आवाज

रिटायर होऊन आता दुसरी दिवाळी येते आहे, तरी एक सवय काही सुटत नाही. घरात फोन वाजला की माझा उजवा हात असेल तिथे थांबतो. तव्यावर पोळी असली तरी थांबतो. सून म्हणते, "आई, पोळी करपून राह्यली." मी म्हणते, करपू दे. फोनवर कोण आहे ते आधी कळलं पाहिजे, हात मग हलेल.

वीज कंपनीत मी ऑपरेटर होते. नोकरीची बरीच वर्षं मुलचेऱ्याच्या बाजूला, जंगलाच्या कडेला असलेल्या एका सबस्टेशनात गेली. सबस्टेशन म्हणजे काय, हे मला माझ्या घरच्यांनाही कधी नीट सांगता आलं नाही. इथे प्रयत्न करते. लांबून मोठ्या लाईनने वीज येते. आमच्याकडे तिचा दाब उतरवतात आणि मग ती गावागावांकडे जाणाऱ्या लाईनींवर वाटून देतात. अशा प्रत्येक लाईनला आम्ही फीडर म्हणतो. प्रत्येक फीडरला एक ब्रेकर असतो, म्हणजे घरातल्या बटनाचा मोठा भाऊच समजा. ब्रेकर काढला की पंधरा-वीस गावं बंद, लावला की चालू. तो काढायचा आणि लावायचा, एवढंच माझं काम.

माझी आई मूल गावाच्या बाजूला उभा जन्म चिखलात वाकून धानाची रोवणी करत आली. मी आयटीआय करून नोकरीला लागले तेव्हा ती बायांना सांगत सुटली, "पोरगी सावलीत बसली." खरंच होतं. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा आणि तोही कधी बंद न पडणारा. नोकरीत काय आवडलं असं कोणी विचारलं, तर हे पहिलं सांगेन. दुसरं म्हणजे लोक. तोंड न पाहिलेली माणसं आम्हाला घरची झाली. एक आजी दर उन्हाळ्यात फोन करायची, "बाई, करंट जरा हळू सोड ना. माहा पंखा लय जोरानं फिरते." मी "हो आजी, सोडते" म्हणायची आणि थोड्या वेळाने तिचा फोन यायचा, "आता बराबर झालं." लग्नसराईत पत्रिका यायच्या. माझं नाव कोणालाच ठाऊक नसायचं, म्हणून पत्रिकेवर नुसतं 'लाईटवाली बाई' लिहिलेलं. हेतू उघड होता, वरात दारी लागेपर्यंत लाईट जाऊ नये. मी जेवायला कधी गेले नाही, पण पत्रिका सगळ्या जपून ठेवल्या.

न आवडलेलं सांगायचं तर शिव्या. लाईट गेली की पहिली शिवी ऑपरेटरच्या आईला. वादळाने झाड पाडलं तरी ते मीच पाडलं. त्याहून राग यायचा तो सामान न येण्याचा. आमच्या जंगलाकडच्या फाट्यावर, म्हणजे फीडरच्या जंगलात शिरणाऱ्या फांदीवर, खांबावरचा एक स्विच होता. तो उघडला की तेवढाच तुकडा बंद करता येई, बाकी गावं चालू राहात. तो स्विच गंजून जाम झाला. मागणी पाठवली, पुन्हा पाठवली. 'पाठपुरावा सुरू आहे' असं उत्तर आलं आणि स्विच तसाच राहिला. त्यामुळे त्या तुकड्यावर साधी तार जोडायची झाली तरी सगळा फीडर बंद करावा लागे.

पण शिव्या आणि सामान या वरवरच्या गोष्टी. खरी होती ती भीती. लोकांना वाटतं, विजेवाल्यांना विजेची भीती वाटत असेल. मला स्वतःच्या जिवाची फारशी वाटली नाही. पॅनेलमागे ऊब घ्यायला साप येऊन बसायचे, कुंपणापाशी अस्वल येऊन जायचं, त्याचीही हळूहळू सवय झाली. मला भीती होती माझ्याच हाताची. ती कशी, हे कळायला परमिट म्हणजे काय ते सांगावं लागेल.

लाईनवर बिघाड झाला की लाईनमन जातो. खांबावर चढण्याआधी तो सबस्टेशनला फोन करतो आणि म्हणतो, अमुक फीडर बंद करा, मी चढतो आहे. ऑपरेटर ब्रेकर काढते, कुलूप घालते, 'माणसे काम करत आहेत' अशी लाल पाटी अडकवते आणि मग त्याला चढायची परवानगी देते. हे परमिट. तो चढतो, तारांवर जमिनीत उतरवलेली साखळी टाकतो, म्हणजे चुकून वीज आलीच तर जमिनीत जावी. काम संपलं की साखळी काढतो, खाली उतरतो, माणसं मोजतो आणि फोन करून परमिट परत देतो. त्यानंतरच ब्रेकर लागतो. आणि परमिट परत देणार कोण? ज्याने घेतलं तोच, त्याच्याच आवाजात. भाऊ चालत नाही, साहेब चालत नाही, खुद्द मंत्री चालत नाही.

हा नियम पुस्तकात आहेच, पण मला तो नगराळेकाकांनी शिकवला. ते माझे पहिले वरिष्ठ. मी नवी लागले तेव्हा ते नोकरीच्या शेवटाला आले होते. ब्रेकरकडे पाठ करून बसायचे आणि लावायची वेळ आली की मला उठवायचे. मला वाटे, पोरगी शिकावी म्हणून करतात. नंतर दुसऱ्याकडून कळलं. आधीच्या ठिकाणी कोणीतरी रस्त्यावरून ओरडलं होतं, "झालं, झालं, लावा!" काकांनी लावला. ओरडणारा दुसऱ्याच कामाबद्दल बोलत होता. वर लाईनमन होता.

एकदा मी काकांच्या घरी गेले होते. दिवेलागण झाली, खोलीत अंधार पडला, तरी काका बटनाखालीच बसून होते. काकू आतून हात पुसत आल्या, दिवा लावला आणि परत गेल्या. घरातलं एकही बटन काका दाबत नसत. मला त्यांनी एवढंच सांगितलं, "माणसाचा आवाज वळखता आला पायजे, पोरी. नाई वळखला तं बसून राहा. बसल्यानं कोणी मरत नाई." त्या दिवशी घरी येऊन मी पंख्याचं बटन दाबताना थबकले. तेव्हापासून भीती मनात जी बसली ती बसलीच.

आमच्या भागात या भीतीला आणखी तोंडं आहेत. पिकात रानडुकरं शिरतात म्हणून कोणी लाईनवर आकडा टाकून शेताभोवती उघडी तार ओढतो. कोणी शिकारीसाठीच ओढतो. सांजेला फीडर एकदम उडाला, जमिनीत वीज गेल्याची खूण पॅनेलवर दिसली, की मी समजायची. काहीतरी चिकटलं आहे. डुक्कर आहे, वाघ आहे की शेतावर निघालेलं माणूस, ते खुर्चीत बसून कळत नाही. लाईनमन वाळली काठी घेऊन शोधत जायचा आणि त्याचा फोन येईपर्यंत मी पाणीसुद्धा पिऊ शकत नसे. बहुतेक वेळा डुक्कर निघे. बहुतेक वेळा.

त्या जंगलपट्ट्याचे लाईनमन होते मडावीभाऊ. गोंड समाजातले, तिथल्याच एका टोल्यावरचे, म्हणजे छोट्या वस्तीवरचे. वाळकं अंग, बोलणं थोडकं. खांबावर चढण्याआधी खांबाला हात लावून मनातल्या मनात काहीतरी म्हणायचे. मी एकदा विचारलं, "भाऊ, काय म्हणता?" म्हणाले, "आमच्या पेनाले सांगतो, म्हटलं, मी वर चाललो, लक्ष ठेव." पेन म्हणजे त्यांचा देव. मी बुद्ध मानणारी, पण परमिट देताना मीही मनात म्हणायची, बरं झालं, आणखी कोणीतरी लक्ष ठेवून आहे.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायचं म्हणून हे सगळं सांगितलं, त्या दिवसाकडे येते.

मे महिना होता, तेंदूपानांचा हंगाम. आदल्या सांजेला वावटळ सुटून एका फाट्यावर झाड पडलं आणि तार तुटली. सकाळी मडावीभाऊंचा फोन आला, डांबरी रस्त्यावरून, कारण पुढे जंगलात फोन लागत नाही. "बाई, परमिट द्या." जाम झालेला स्विच त्याच फाट्यावरचा, म्हणून सगळा फीडर काढावा लागला. काढला, कुलूप घातलं, पाटी लावली आणि परमिट दिलं. त्यांचा जोडीदार रजेवर होता. मी म्हटलं, "एकटे जाता का, भाऊ?" म्हणाले, "पाटील हायेत ना संगं." पाटील म्हणजे त्या गावचे पोलीस पाटील, आत्राम पाटील. वयस्क, शब्दाचा पक्का माणूस. तालुक्यातले अधिकारीही त्यांचं ऐकत.

दुपार चढली. आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन काय असतं, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. फीडरवरची गावं त्या उन्हात पंख्याविना बसली होती. फोन वाजत होते, शिव्या येत होत्या, मी "काम चालू आहे" म्हणत होते. मग एक फोन आला, तो पाटलांचा.

"बाई, आत्राम पाटील बोलून राह्यलो. काम झालं जी. करा चालू."

त्या गावची रीत अशी की गावात फोन लागत नाही, पण गावाजवळच्या टेकडीवर लागतो. जो कोणी टेकडीकडे जाईल त्याने गावातल्या सगळ्यांचे निरोप सांगून यायचे. कोणाच्या लेकीला, कोणाच्या सावकाराला, कोणाच्या डॉक्टरला, सगळे निरोप एकच माणूस सांगतो आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पाटलांनीही तसाच निरोप आणला होता.

मी विचारलं, "मडावीभाऊ कुठे आहेत?"

"येऊन राह्यले ना मांगून. मी सोता पाह्यलं, तार जोडली. साखळी काढून दोरीनं खाली सोडली, माह्याच हातात हाय. मले म्हणले, झालं पाटील, घरी चाय ठेवाले सांगा."

"त्यांनी सांगितलं का, बाईले फोन करा म्हणून?"

पाटील म्हणाले, "तसं नाई म्हणले. पण मी टेकडीवरून चाललोच होतो, म्हटलं त्यायले काऊन चढवाचं एवढ्या उन्हात, आपणच सांगू."

माझा हात कुलपाच्या किल्लीवर होता. खरं सांगते, मी किल्ली हातात घेतली होती. खोटं बोलणारा तो माणूस नव्हता. साखळी उतरली होती, म्हणजे काम संपलं होतं. मी म्हटलं, "पाटील, मडावीभाऊंना टेकडीवर आणा. त्यांच्या तोंडून ऐकते, मग लावते."

"माह्यावर भरोसा नाई का, बाई?"

"तुमच्यावर आहे, पाटील. पण परमिट त्यांचं आहे."

पाटील दुखावले. "बरं, आणतो," म्हणाले आणि फोन ठेवला. टेकडीवरून उतरून परत लाईनीपर्यंत जायचं आणि त्यांना घेऊन यायचं, म्हणजे वेळ लागणार हे मला कळत होतं. पण तो वेळ संपूनही फोन आला नाही. आणखी गेला, तरी नाही. तेव्हा मला वेगळीच धास्ती लागली. सगळं ठीक असेल तर एव्हाना आवाज यायला हवा होता.

तेवढ्यात त्याच फीडरवरच्या आरोग्य केंद्रातून फोन. तिथल्या मंडल सिस्टर, बंगाली वसाहतीतल्या, माझ्या चांगल्या ओळखीच्या. "दीदी, डिलिव्हरीची पेशंट टेबलवर आहे. जनरेटरचा पट्टा तुटला. आता उजेड आहे म्हणून चाललं, पण खोलीत खिडकी एकच. लाईट कधी देते?"

"सिस्टर, माणूस लाईनवर आहे."

"काम झालं म्हणतात ना सगळे! तिचा दीर टेकडीवाल्या गावचाच आहे, त्याला कळलं."

निरोप असे पसरतात. एका टेकडीवर बोललेलं माझ्याआधी तालुक्याला कळलं होतं. पाठोपाठ साहेबांचा फोन. साहेब तरुण होते, पुण्याकडचे, स्वभावाने वाईट नव्हते. "ताई, नियमाने तुमचं बरोबर आहे. पण पोलीस पाटील स्वतः सांगतायत. साखळी त्यांच्या हातात आहे. वर आरोग्य केंद्राचा विषय आहे. उद्या पेपरात आलं तर?"

मी म्हटलं, "साहेब, लावा असा आदेश देता का?"

साहेब म्हणाले, "तुम्ही तुमच्या पातळीवर बघा."

पातळी म्हणजे माझी खुर्ची. माझी पातळी त्याहून उंच कधीच नव्हती.

ऊन उतरायला लागलं. फाटकाशी माणसं जमली. त्यात त्या पेशंटच्या सासरचे दोघे होते. एकाने फाटक धरून हलवलं. "बाई, तुले लेकरंबाळं नाईत का? आमची सून मरून जाईन ना!" मी दाराला आतून कडी घातली.  डोक्यात दोन चित्रं आळीपाळीने येत होती. एकात ती बाई अंधाऱ्या खोलीत टेबलावर पडलेली. दुसऱ्यात खांबावर मडावीभाऊ. पहिलं चित्र खरं होतं, सिस्टरने स्वतः सांगितलेलं. दुसरं माझ्या मनातलं होतं, त्याला काडीचा पुरावा नव्हता. खऱ्या बाईला मी अंधारात ठेवत होते, एका मनातल्या माणसासाठी. आपण चुकत आहोत असं मला वाटत होतं, चांगलंच वाटत होतं. तरी किल्ली मी मुठीतून सोडली नाही आणि कुलपातही घातली नाही. नुसती बसून राहिले. काका म्हणाले होते, बसल्याने कोणी मरत नाही. आज मरेल, असं वाटलं.

सिस्टरचा परत फोन आला. आता ती रडायच्या बेतात होती. "बाळ झालं दीदी, पण टाके घालायचे आहेत. रक्त जातंय. अंधारात टाके कसे घालू, सांग ना!"

 मी म्हटलं, "मोबाईलचे उजेड धरा. दारात गाडी लावून तिचा दिवा आत सोडा."

"तू बाई आहेस ना?" ती म्हणाली आणि फोन आपटला.

दिवेलागण झाली तेव्हा फोन वाजला. नंबर पाटलांचा, आवाज मडावीभाऊंचा. बसलेला, कोरडा, पण त्यांचाच. "बाई, मी मडावी. काम झालं. साखळी काढली. माणसं खाली हायेत. परमिट वापस घ्या."

मी विचारलं, "भाऊ, बरे आहात ना?"

"हाव जी. लावा तुम्ही."

पाटी काढली, कुलूप काढलं, ब्रेकर लावला. फाटकावरची माणसं एकही शब्द न बोलता आरोग्य केंद्राकडे पळाली. मी खुर्चीत बसून रडले. सिस्टरने गाडीच्या दिव्यात टाके घातले होते. बाई वाचली, बाळही नीट होतं. पण पुढे बरेच महिने सिस्टर माझ्याशी बोलली नाही आणि मला तिचा राग कधी आला नाही.

काय झालं होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. मडावीभाऊ सकाळीच सबस्टेशनात आले. हाताचे तळवे भाजलेले, ओठ फुटलेले. पळसाच्या पानाच्या दोन्यात माझ्यासाठी टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, आणलेली. त्यांनी सांगितलं ते असं. तार जोडून झाली, साखळी काढून दोरीने खाली सोडली, पाटील ती घेऊन पुढे निघाले. भाऊ कमरेचा पट्टा सोडणार इतक्यात खालच्या गाडवाटेवर वाघीण आली, दोन पिलांना घेऊन. खांबापासून थोड्याच अंतरावर एका खड्ड्यात पाणी उरलं होतं. ती पाणी प्यायली आणि तिथेच ऐनाच्या झाडाच्या सावलीत पसरली. पिलं खांबापर्यंत येऊन हुंगून गेली. भाऊंनी एकदा पाय खाली सरकवला, तर ती उठून उभी राहिली आणि गुरगुरली. त्यानंतर ते हलले नाहीत. तापलेल्या लोखंडी खांबाला मिठी मारून, डोकं तारांना लागून, साखळीशिवाय, दुपारभर तसेच. ओरडावं तर पिलंवाली वाघीण. हाक ऐकायला जवळ माणूस नाही.

पाटील भाऊंना न्यायला परत आले, तेव्हा त्यांनी लांबून हे पाहिलं. ते तसेच माणसं बोलवायला मागे पळाले, टेकडी चढून मला कळवायचं त्यांना सुचलंही नाही. पण तेंदूच्या हंगामात गाव रिकामं, सगळी माणसं पानं तोडायला रानात. त्यांना गोळा करायला, डफ आणि डबे वाजवत आणायला सांज झाली. वाघीण आवाज ऐकून पिलं घेऊन सावकाश निघून गेली. मग भाऊ उतरले. उतरल्यावर पाणी प्यायले आणि सगळ्यात आधी टेकडी चढले.

ऐकताना किल्ली हातात घेतली होती तो क्षण डोळ्यापुढे आला. पण खरं सांगायचं तर त्या भीतीत थोडा अभिमानही होता. साहेब, पाटील, फाटकावरची माणसं, कोणाचं न ऐकता मी बसून राहिले होते. भाऊ आता चार चांगले शब्द बोलतील, असं वाटलं. मी म्हटलं, "भाऊ, काय दिवस गेला असेल तुमचा! खाली वाघीण. किती भीती वाटली असेल."

मडावीभाऊंनी मान हलवली. "तिची नाई लागली, बाई. सुरवातीले लागली, मग नाई. ती समोर होती ना. बसली हाय, उठली हाय, मले दिसत होतं. मी तिच्याकडं पाहूनच नाई राह्यलो." ते भाजलेल्या तळव्याकडे बघत होते. "मी ताराकडं पाहून राह्यलो होतो. साखळी गेली, पाटील गेले, आता ते टेकडीवर जातीन, बाईले सांगतीन, हे मले समजलं होतं. तुम्ही काय करता ते मले दिसत नव्हतं. बाई, दिवसभर मले तुमची भीती लागली."

  इतकी वर्षं मला वाटत होतं की लाईनमन आणि ऑपरेटर एका बाजूला आणि वीज दुसऱ्या बाजूला. खांबावरून पाहिलं तर मी विजेच्या बाजूला होते. खूप वाईट वाटलं आणि ते खरं आहे हेही त्याच वेळी कळलं. भाऊंच्या मनात राग नव्हता. त्यांनी दोना पुढे सरकवला. म्हणाले, "खा ना. पिकलेले हायेत." आम्ही दोघांनी टेंभरं खाल्ली आणि ते ड्यूटीवर निघून गेले.

थोड्या दिवसांनी पुन्हा त्यांचा फोन आला. "बाई, परमिट द्या." मी ब्रेकर काढला, कुलूप घातलं, पाटी लावली. "परमिट दिलं" म्हटलं आणि फोन ठेवता ठेवता थांबले. म्हटलं, "भाऊ, किल्ली माझ्या मुठीत आहे. मी खुर्चीतच बसून आहे. तुमचा आवाज येईपर्यंत उठत नाही."

हे वाक्य कंपनीच्या कुठल्याच नियमात नाही. पण पुढे रिटायर होईपर्यंत प्रत्येक परमिटला, प्रत्येक लाईनमनला मी ते सांगत राहिले. नवी पोरं हसायची. मडावीभाऊ कधी हसले नाहीत.  त्या पहिल्या दिवशी त्यांनी आधी खांबाला हात लावून देवाला सांगितलं असावं. मग म्हणाले, "बसा, बाई. मी चढतो."